भिंग आणि नाताळचं गायब पुडिंग

माझा मेहुणा स्वतःबद्दल जे सांगतो ते आधी लिहितो, कारण ते आधी आलं नाही तर तो पुढचं वाचणार नाही. तो म्हणतो, त्याची नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत, नाक कुत्र्याचं आहे आणि बुद्धी मात्र त्याची स्वतःची आहे. पहिल्या तीन गोष्टी उसन्या आणण्यात चौथीकडे बघायला त्याला वेळ मिळाला नसावा, असं माझं मत आहे. नोकरी म्हणाल तर तो बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. लोक येतात, छत्री हरवली म्हणतात, तो छत्री काढून देतो. याला तो छडा लावणं म्हणतो. खिशात कायम भिंग असतं, म्हणून घरात सगळे त्याला भिंगच म्हणतात. त्याची आईसुद्धा.

त्याच्या तपासात मी मदतनीस असतो. हे पद मला लग्नात मिळालं. बायकोचा धाकटा भाऊ, नाही म्हणता आलं नाही. बायको या उन्हाळ्यात गेली. पद राहिलं.

हे प्रकरण नाताळच्या दुपारचं. जेवण दरवर्षी आमच्याच घरी असतं आणि कोणी काय आणायचं ते ठरलेलं असतं. भिंगाची बायको भाजलेली कोंबडी आणते. ती शाळेत शिकवते, तिला सगळे बाई म्हणतात, आणि तिची कोंबडीसुद्धा ताटात पाय जुळवून शिस्तीत असते. माझी मुलगी आणि जावई बटाटे आणि केक आणतात. सासूबाई सूप करतात आणि बाकीच्यांच्या पदार्थांत मीठ कमी आहे हे सांगतात. पुडिंग माझ्या बायकोचं. मनुका, खजूर, अंजीर, आलं, संत्र्याची साल, सगळं कालवून फडक्यात घट्ट बांधायचं आणि सकाळपासून वाफवत ठेवायचं. काळं, गोल आणि जड. दरवर्षी सगळ्यात शेवटी यायचं आणि दरवर्षी संपायचं.

यंदा ते मी केलं. मी नळदुरुस्ती करणारा माणूस. भांड्याच्या झाकणातून वाफ जात होती, तिथे रबर कापून बसवलं. फडक्याला गाठ अशी मारली की सोडवायला पक्कड लागली. पण झालं. मला ते टेबलावर हवंच होतं. कारण सकाळपासून कोणी तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मला त्रास होऊ नये म्हणून सगळे हवेबद्दल बोलत होते. एवढं बोलण्यासारखं हवेने त्या दिवशी काही केलं नव्हतं. मला वाटलं, पुडिंग समोर आलं की कोणीतरी म्हणेल, तिच्यासारखं झालंय. किंवा म्हणेल, नाही झालं. तेवढं पुरलं असतं.

कोंबडी संपली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर ताटली होती. ताटलीत एक मनुका होती.

"पुडिंग नाहीये," मी बाहेर येऊन म्हटलं.

कोणी दचकलं नाही. बाईंनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. जावई पाणी प्यायला. मुलगी केकच्या खोक्याची दोरी सोडू लागली. फक्त भिंग खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"कोणी जागेवरून हलायचं नाही."

"माझा गुडघा मला तसाही हलू देत नाही," दारापाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

भिंगाने मनुका भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितली. "ही घाबरलेली दिसते."

"सुकलेली आहे," बाई म्हणाल्या. "मनुका आहे ती."

"घरात पाणी आणायला, मीठ आणायला सगळेच आत जाऊन आलोत. तेव्हा घरातल्यांवर संशय घेण्यात अर्थ नाही. चोर खिडकीतून आला."

"खिडकीला जाळी आहे," मी म्हटलं.

"बारीक चोर असेल."

"चोर बारीक असेल, पुडिंग नव्हतं."

"मग तुकडे करून नेलं असेल." एवढं बोलून तो थांबला, खोकला आणि म्हणाला, "नाही, ही दिशा चुकीची आहे." खऱ्याच्या इतक्या जवळ जाऊन इतक्या घाईने परत फिरलेला गुप्तहेर मी पाहिला नव्हता. हे अर्थात मला नंतर कळलं.

दुसरा तर्क त्याने माझा हात हातात घेऊन मांडला. "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. दुःखात माणसाला भास होतात. पुडिंग केलं असं तुम्हाला वाटलं."

"आणि ते करपलेलं भांडं?"

"भांड्यावरून पुडिंग सिद्ध होत नाही. आमच्या खिडकीवर छत्र्यांच्या रिकाम्या पिशव्या किती येतात. आत छत्री असतेच असं नाही."

"मामा, जाऊ दे ना," मुलगी म्हणाली. "केक आहे की."

"विषय संपवा," बाई म्हणाल्या.

"खरंच, कशाला," जावई म्हणाला.

चोरी माझ्या घरात झाली होती आणि माफ बाकीचे करत होते. मला ते जरा लागलं. निदान पुडिंगसाठी तरी कोणी हळहळेल असं वाटलं होतं.

जावई बोलला म्हणून भिंग त्याच्याकडे वळला. "घराण्यात सगळ्यात नवे तुम्ही. संशय नव्यापासून सुरू करायचा असतो."

"मामा, मला टक्कल पडायला लागलं. अजून मी नवाच?"

"टक्कल हा पुरावा होत नाही."

मग त्याने खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि बोट माझ्याकडे रोखलं. "भाऊजींनीच खाल्लं. पुडिंग त्यांनी केलं, ताटलीत त्यांनी काढलं, आणि ते नाही हे सांगत आले तेही तेच."

"सगळं पुडिंग खाऊन वर मी तुझ्या बायकोची कोंबडी खाल्ली?"

"तेच मला खटकतंय," भिंग म्हणाला. "कोंबडी तुम्ही दोनदा घेतलीत. मी बाहेर पावलांचे ठसे बघून येतो." आणि दारामागच्या खुंटीवरचा आपला कोट घ्यायला गेला.

"भिंगा," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या कोटाला मुंग्या लागल्यात."

"मुंग्या तपासाची दिशाभूल करतात, आई."

"खिशात शिरतायत."

सगळ्यांनी बघितलं. भिंतीवरून मुंग्यांची रांग नीट वर चढून कोटाच्या खिशात जात होती. भिंगाने कोटावर भिंग धरलं आणि म्हणाला, "हा कोट माझाच आहे, याची आधी खात्री करावी लागेल." बाईंनी सरळ खिशात हात घातला. कागदी रुमाल निघाला. रुमालात पुडिंगचा चांगला पाव भाग होता.

"सापडला," सासूबाई म्हणाल्या.

पण रांग तिथे थांबली नव्हती. ती पुढच्या खुंटीवर बाईंच्या पर्सकडे गेली होती, आणि तिथून खाली स्टुलावर, जावयाच्या हेल्मेटमध्ये. बाईंचा चेहरा मी प्रथमच वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखा पाहिला. माझ्या मुलीने मुंग्यांची वाट बघितली नाही. ती उठली, पिशवीतला डबा काढला आणि झाकण उघडून टेबलावर ठेवला.

शेवटी भिंगच बोलला, आणि पहिल्यांदा साध्या आवाजात बोलला.

"ते उरलं असतं, भाऊजी. ताई समोर बसायची, तिच्यादेखत खावं लागायचं. आज कोणी घेतलं नसतं. तुम्ही एवढं केलेलं, तसंच तुमच्यासमोर पडून राहिलं असतं. म्हटलं, आपण थोडं कमी करून ठेवावं."

"मी पण म्हणूनच," बाई म्हणाल्या. "मी गेले तेव्हा थोडं कापलेलं होतं. वाटलं, तुम्ही चव बघितली असेल."

"मी गेले तेव्हा अर्धंच होतं," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, बाबांनी अर्धंच केलं."

"मी गेलो तेव्हा एकच तुकडा होता," जावई म्हणाला. "वाटलं, बाबांनी तिच्या आठवणीपुरतं केलंय. तेवढंही उरलं तर फारच वाईट दिसेल."

"मी पण जाणार होते," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्याने घात केला."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे हे तुम्हाला कोणालाच आवडत नाही? दरवर्षी संपायचं ते?"

जावई ते औषधाच्या गोळीसारखं पाण्याबरोबर गिळायचा. मुलगी त्याच्या ताटात टाकायची. बाई 'घरी निवांत खाऊ' म्हणून बांधून न्यायच्या आणि भिंग ते डेपोतल्या कुत्र्याला घालायचा.

"कुत्रा ते पुरतो," भिंग म्हणाला. "खाताना मी कधी बघितलं नाही."

"पण तिला आवडायचं," मी म्हटलं.

"तिला?" सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून मनुका वेचून ताटाच्या कडेला लावायची. ती तुमच्यासाठी करायची, जावईबापू. लग्नानंतर पहिल्या नाताळला आमच्याकडे आला होतात, तेव्हा माझं पुडिंग तुम्ही मागून घेतलंत. म्हणून माझ्याकडून शिकली."

"तुम्ही समोर बसून बघत होतात. नवा जावई दुसरं काय करणार? मला तेव्हाही आवडलं नव्हतं."

"मला तरी कुठे आवडतं. माझ्या सासूबाई करायच्या, म्हणून मी करायचे."

"त्यांना आवडायचं?"

"त्यांना विचारायची कोणाची टाप होती?"

मी चारही तुकडे घेतले, मुंग्या झटकल्या आणि ताटलीत एकमेकांना लावून ठेवले. हेल्मेटमधला तुकडा हेल्मेटच्या आकाराचा झाला होता, तो बसेना. ताटली टेबलाच्या मधोमध ठेवली. आता खायची कोणावर सक्ती नव्हती, म्हणून सगळे त्याच्याकडे मोकळेपणाने बघत होते.

सासूबाईंनी चमचा लावला, थोडं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. "हे तिच्यासारखं नाही झालं."

"बघू," म्हणून मुलीने घेतलं. "नाहीच. आईचं चमच्याने तुटायचं नाही."

"ताईने एकदा कापताना सुरी वाकवली होती," भिंग म्हणाला आणि त्यानेही एक तुकडा उचलला.

"आलं जास्त घालायची," जावई म्हणाला. "डोळ्यांत पाणी यायचं. तिला वाटायचं, मी भारावलोय."

"आणि साल लिंबाची," बाई म्हणाल्या.

"संत्र्याची," मी म्हटलं. "किसायला मीच बसायचो."

"मग तुम्ही जाड किसत असणार. दातात अडकायची."

त्यावरून वाद सुरू झाला. प्रत्येकाला आपलं म्हणणं सिद्ध करायला पुन्हा चव बघावी लागत होती, आणि प्रत्येक घासाला तोंडं वाकडी होत होती. सगळे एकदम बोलत होते, तिच्याबद्दल बोलत होते आणि वाईटच बोलत होते. मी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि मध्ये मध्ये तिची बाजू सांभाळली. फार सांभाळता येण्यासारखी नव्हती.

भिंगाने तोंड पुसून जाहीर केलं, "प्रकरण मिटलं. गुन्हेगार सापडले."

"शोधले कोणी?" बाईंनी विचारलं.

"मुंग्यांनी. माझ्या देखरेखीखाली."

सासूबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या चमचा बोटाने पुसत होत्या.

"पुढच्या वर्षी आणखी वेळ वाफवा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "चावताना त्रास झाला पाहिजे."