वर्गाबाहेरचे ढाकणे सर

पुंडलिकनगरच्या आमच्या शाळेत स्वतःला वर्गाबाहेर काढणारे एकच शिक्षक होते. गणिताचे ढाकणे सर. शिकवलेलं अर्ध्या वर्गाला कळलं नाही, तर ते खडू टेबलावर ठेवत आणि दाराबाहेर हाताची घडी घालून उभे राहत. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवत असे. विचारलं, तर म्हणत, "नापास झालो. बघतोय, चुकलं कुठं."

"चुकलं कुठं" हा त्यांचा जपच होता. औरंगपुऱ्यातून आणलेली चप्पल आठवड्यात तुटली, तेव्हा त्यांनी दुकानदाराला बोल लावला नाही. आपण चालतो कसे, ते शिपायाला चालून दाखवत राहिले.

ही सवय दुष्काळात लागली. शहरात इमारती चढत होत्या आणि नळ कोरडे होते. सरांनी सातवीच्या फळ्यावर नेहमीचं गणित घातलं: दोन नळ मिळून हौद किती वेळात भरतील? मेंढरं विकून बांधकामावर आलेल्या घरातली सुनीता उठली.

"सर, नळाला पाणी कवा आलतं?"

वर्ग हसला. उद्धटपणा म्हणून सरांनी तिला बाहेर उभं केलं. संध्याकाळी स्वतःच्या घरी कोरड्या नळाखाली बादली ठेवताना तिचा प्रश्न त्यांना कळला. दुसऱ्या दिवशी आधी ते स्वतः बाहेर उभे राहिले. मग आत येऊन फळ्यावरचे नळ पुसले आणि टँकर लिहिला.

मुख्याध्यापकांना हे रुचलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं की पुस्तकातलंच गणित घ्यायचं, बाहेर उभं राहायचं नाही, नाहीतर सातवी काढून घेईन. सर म्हणाले, "घ्या काढून. पोरांना नाय कळलं तर मी आत बसून काय करू?"

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब मागच्या बाकावर बसले. सरांनी टँकरचंच गणित घातलं. कुणाला कळलं, असं विचारलं. साहेबांसमोर सगळे हात वर जातात, हा शाळांचा रिवाज. सरांच्या पोरांनी तो मोडला. निम्मे हात खालीच राहिले. सर शांतपणे बाहेर गेले. साहेब मागोमाग आले. हा काय प्रकार, म्हणाले.

"तुम्ही मला तपासायला आलात. माझं तपासून झालं, साहेब."

सातवी गेली. तरी मोकळ्या तासाला सर त्याच दाराबाहेर उभे दिसत. आता शिक्षा कशाची, असं मी एकदा विचारलं. त्यांची नजर शाळेच्या फाटकावर होती. सरांनी बाहेर उभं केलं, त्या दिवसानंतर सुनीता शाळेत आलीच नव्हती. बांधकाम संपलं, घर चितेगावकडं गेलं, एवढं कळलं होतं. सुटीच्या दिवशी तिकडच्या वस्त्या ते पालथ्या घालून आले होते.

"आली, तर एकटीला आत जायला जड जाईल," सर म्हणाले. "मी बी बाहेर असलो, म्हणजे दोघं मिळून जाऊ."