नरहररावांचं औषध

पहिला नंबर आला असता, तर नरहररावांचं नाव पुण्याच्या एका दिवाळी अंकात छापून येणार होतं, कचेरीतल्या मोठ्या साहेबांना त्यांच्याशी दोन शब्द आदराने बोलावं लागणार होतं, आणि त्यांच्या बायकोला, रजनीताईंना, 'त्या डबड्या'ला कॅमेरा म्हणावं लागणार होतं. या तिसऱ्या लाभासाठी नरहरराव पहिले दोन सोडायलाही तयार होते.

स्पर्धेचा विषय होता 'कापसाचं दुःख'. फोटो कृष्णधवल हवा होता. त्या वर्षांत आमच्या भागातल्या दुःखाला बाहेर फार मागणी होती. घाटंजीच्या आसपासच्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवर शहरातले कॅमेरेवाले येत, बायामाणसांना कोरड्या शेतात उभं करत, 'वर आभाळाकडे बघा' म्हणत आणि निघून जात. फोटोची प्रत मात्र कोणाकडेच कधी आली नाही.

म्हणून नरहरराव फुलसिंग राठोडाच्या शेतावर पोचले, तेव्हा त्याच्या बायकोने, बिजलीबाईने, आधी सौदा केला.

"रडका चेहरा करतो मी, पाहिजे तेवढा. आता सवय झाली. पण शेवटी एक हसरा काढजा, साहेब. अन् तो मले आणून देजा. माह्या घरी माहा एक फोटो नाही."

"दिला!" नरहरराव म्हणाले.

त्यांनी जवळजवळ सगळा रोल दुःखावर खर्च केला आणि शेवटचं एक बटण बिजलीबाईच्या हसण्यावर दाबलं.

आता रोल धुवायचा होता. गावातला स्टुडिओवाला फक्त रंगीत रोल घेई, तोही मशीनवर. तेव्हा नरहररावांनी नागपूरहून रसायनांच्या पुड्या मागवल्या, त्या कालवून दोन बाटल्या भरल्या आणि न्हाणीघराची प्रयोगशाळा केली. पहिल्या बाटलीने चित्र उमटतं, दुसरीने पक्कं होतं. सरावाचा पहिला रोल त्यांनी चुकून आधी दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात बुडवला. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. तिच्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या वेळी बाटल्यांचा क्रम बरोबर होता, पण महिना मेचा आणि पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. दुधावरची साय निघावी तशी सगळी चित्रं सोलून मोरीतून वाहून गेली.

चुकांतून नरहरराव शिकत होते. माठाचं गार पाणी भरून ठेवलं. बाटल्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या : 'औषध १', 'औषध २'. स्टुडिओवाले या रसायनांना औषधच म्हणतात. आणि बाजाराच्या दिवशी, रजनीताई भाजीला गेल्यावर, त्यांनी पहिली बाटली भांड्यात रिकामी केली, भांडं आत घेतलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, कडी लावली आणि मिट्ट काळोखात बिजलीबाईचा रोल उघडला.

ही फिल्म हाताच्या अंदाजाने प्लास्टिकच्या रिळात सरकवायची असते. उजेडात नरहररावांना ते झटक्यात जमे. अंधारात मात्र फिल्म एका खाचेत शिरे आणि दुसरीतून बाहेर येई. घामाच्या धारा लागल्या.

नेमके त्याच वेळी फुलसिंग आणि बिजलीबाई बाजारातून फोटोची चौकशी करायला आले. पुढचं दार उघडं. घरात चिटपाखरू नाही. आंबूस, नाकात चढणारा वास. न्हाणीघरापाशी दोन बाटल्या, त्यातली एक रिकामी. फुलसिंगने चिठ्ठी वाचली आणि त्याच्या हातातली वांग्यांची पिशवी खाली पडली. आमच्याकडे शेतात जे फवारतात त्यालाही औषधच म्हणतात. आणि त्या वर्षांत ते औषध फक्त कपाशीवरच पडत होतं असं नाही.

"साहेब! ओ साहेब! आत हाय काय?"

"आहे! पण दार उघडू नका!"

"काहून? अंधारात काय करून राह्यले?"

"दोनदा फसलं हो! आता तिसऱ्यांदा तरी नीट होऊ द्या!"

फुलसिंगने बायकोकडे पाहिलं. "साहेब, या बाटलीतलं औषध कुठी गेलं?"

"ते मी आत घेतलं! दुसरं मग घेतो. रजनी यायच्या आत सगळं संपवायचं आहे!"

"याडी ये!" आईला हाक मारत बिजलीबाईने छातीवर हात मारला. "पाह्यतो काय? तोड ना दार!"

तांड्यावर अशी वाक्यं ऐकून कोणी खुलासा मागायला थांबत नसे. फुलसिंगने चार पावलं मागे जाऊन खांदा घातला. दुसऱ्या धडकेला कडी तुटली, तिसरीला दार बिजागरीसकट आत गेलं. उजेड शिरला तसे नरहरराव ओरडले, "मेलो!" फिल्मचं भेंडोळं त्यांनी बनियनमध्ये कोंबलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून ते गोगलगाईसारखे आक्रसले.

"पोट धरलं! पोट धरलं!" बिजलीबाई किंचाळली.

आवाज ऐकून शेजारचे रामराव मास्तर ओकारी काढायला तांब्याभर मिठाचं पाणी घेऊनच आले.

"मास्तर, मी काही घेतलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात. आ करा."

आ केल्याशिवाय बोलता येत नव्हतं आणि बोललं की पाणी आत जात होतं. अर्धा तांब्या रिचल्यावर नरहरराव गप्प झाले. दवाखान्याच्या वाटेवर ऑटोत बिजलीबाईने आपली आरशांची जाड ओढणी त्यांच्यावर टाकली. त्यांना तो अंधार देवासारखा वाटला.

"आणखी पांघरा! पोटावर घट्ट पांघरा!"

"थंडी भरून राह्यली!" फुलसिंग ऑटोवाल्यावर खेकसला. "दबाव ना बे जोरात!"

दवाखान्यात डॉक्टर ऋचा ठाणगे यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. "काका, हात बाजूला करा. पोट बघू द्या."

"उजेडात दाखवणार नाही."

"असं काय आहे पोटाशी?"

"बिजलीबाई आहे!"

डॉक्टरबाईंनी नर्सकडे पाहिलं. "भ्रम सुरू झालाय."

"मी तं इथं हाय, साहेब!" बिजलीबाई रडकुंडीला आली. हे रडणं मात्र तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग नरहररावांनी एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग तोंडाला रुमाल लावून खुर्चीत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आमच्याकडे एक्स-रेची अंधारखोली आहे. जा, तिथे काय करायचं ते करा."

तिथे रिळाची भानगडच नव्हती. नरहररावांनी अंधारात फिल्मला चिमटा लावला आणि ती तिथल्या औषधाच्या टाकीत सोडली.

ते ओली फिल्म घेऊन बाहेर आले तेव्हा दारात रजनीताई उभ्या होत्या, अनवाणी. त्यांना कोणीतरी बाजारात सांगितलं होतं. नवऱ्याच्या बनियनचं टोक त्यांनी मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाल्या, "कॅमेरा कुठे आहे तुमचा? सुखरूप आहे ना?"

ज्या लोकांकडे आपण दुःखाचा फोटो मागायला गेलो, ते आपल्यासाठी दार फोडून आत आले, एवढंच नरहररावांच्या डोक्यात फिरत होतं.

फिल्म उजेडात धरली. भेंडोळ्याच्या वरच्या वेढ्यांना उजेड लागला होता. सगळं दुःख काळंठिक्कर पडलं होतं. अगदी आतला, शेवटचा फोटो तेवढा वाचला होता. तो हसत होता.

स्पर्धेत तो चालण्यासारखा नव्हता. नरहररावांनी मोठा करून, फ्रेम लावून तांड्यावर नेऊन दिला. बिजलीबाईने तो पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"काय द्याचं, साहेब?"

"काही नाही. तुमचं सगळं आधीच जमा आहे."

फुलसिंगचा खांदा अजून सुजलेला होता. नरहररावांनी हात जोडले, "फुकट मार लागला हो तुम्हाला."

"फुकट कायले, साहेब? तुमी जिते निघाले ना! तुमी काही घेतलं नाही, हे त्या वक्ताले मले कुठी मालूम होतं?"

नवं दार बसलं, पण आतून कडी लावायची नाही असा रजनीताईंचा हुकूम झाला. आत कोणी आहे हे कळावं आणि तो धड आहे हेही कळावं, म्हणून नरहररावांनी न्हाणीघरात असेपर्यंत मोठ्याने गायचं ठरलं. नरहररावांना सूर कशाशी खातात ठाऊक नाही. न्हाणीघराची खिडकी रामराव मास्तरांच्या देवघराशेजारी उघडते.

तेव्हा सगळा हिशेब मांडून पाहता, या प्रकरणाची खरी भरपाई मास्तर करताहेत, रोज सकाळी, हप्त्याहप्त्याने. पण तक्रार नाही. एखाद्या दिवशी गाणं थोडं उशिरा सुरू झालं, तर तेच तांब्या हातात घेऊन भिंतीपलीकडून हाक मारतात, "नरहरराव, गा हो!"