कासारपूर–नांदवली अंतर सैल पडल्याबाबत

कासारपूर आणि नांदवली या दोन विमानतळांमधलं अंतर गेल्या चैत्रापासून आटू लागलं. मुळात ते तीनशे बारा किलोमीटर, विमानाला पंचावन्न मिनिटं. आषाढात चहाचा पेला हातात येईपर्यंत उतरायची सूचना व्हायला लागली. खालचा रस्ता मात्र होता तेवढाच राहिला, घाटाने दहा तास.

लोक खूश होते, मी नव्हतो. शंभरच्या आत आलं की विमान बंद, असा नियम आहे. माझी गौरा नांदवलीला दिलेली, सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हे बैठकीतच ठरलेलं. पण डॉक्टरीणबाई घाटाला साफ नाही म्हणाल्या, आणि शुक्रवारच्या डोहाळजेवणाआधी विहीणबाई तिला सोडायला तयार नव्हत्या. त्यांना नातवंड त्यांच्याच घरी जन्मायला हवं होतं.

मंगळवारी विमानतळावर धोत्रेसाहेबांकडे गेलो. आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

"आज एकशे चार भरलं, शेटजी. वर कळवलंय."

"पहिल्यांदा मोजलं कसं होतं?"

"दोघांनी दोन टोकं धरून."

मी चौथी पास, पण चाळीस वर्षं कापड विकतोय. म्हटलं, "साहेब, ताणून मोजलंय. मीही तसंच मोजतो. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की कापड मूळ पदावर येतं. तुमचं अंतर आटलं नाही, सैल पडलंय."

साहेबांनी लिहून घेतलं आणि दोन्ही टोकांना एकेक शिपाई लावला. दीड किलोमीटर वाढलं, तोवर जेवणाची सुट्टी झाली. परत आले तेव्हा एकशे एक.

पगारी हाताला ओढ नसते, हे मला दुकानात कळलंय. घरी येऊन विहीणबाईंना फोन लावला आणि दोन टोकांची हकीकत सांगितली.

"आमची ही म्हणते, गौराला इकडेच ओढून आणणार."

"बघूच की," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "कुठलं टोक धरायचं तेवढं सांगा."

हिला त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हिने पदर खोचला आणि विमानतळाची रिक्षा बोलावली.

संध्याकाळपर्यंत तीनशे एकवीस झालं.

शनिवारी गौरा सासूबाईंच्या पाया पडली आणि विमानात बसली. अडवायचं तर त्यांना टोक सोडावं लागलं असतं, आणि सोडलं असतं तर ही जिंकली असती. त्या नुसत्या म्हणाल्या, "सांभाळून जा हो. तुझ्या आईला सांग, माझा हात अजून दुखलेला नाही."

सत्तावन्न मिनिटांत लेक माहेरी आली.

मुलगी झाली. बारसं दोनदा झालं, दोन्ही धावपट्ट्यांवर, कारण आज्यांना उठता येत नाही. धोत्रेसाहेबांनी दोघींना खुर्च्या दिल्यात. सणासुदीला विमान दहा मिनिटं उशिरा पोहोचतं. फळ्यावर उशिराचं कारण लिहिलेलं असतं: मानपान.