सोनाजीची अंगणातली शाळा

"गुरुजी, तुमी खाकरता कवा? हजेरीच्या आंधी का मंग?" हे विचारायला भर उन्हात घरी आलेला माणूस म्हणजे जऊळका स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन सोनाजी. मी म्हटलं, आधी. त्याने ते विडीच्या पुडक्यावर लिहून घेतलं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. त्याची लेक कमळी सहा वर्षांची. ती बोलायची नाही, नजरेला नजर द्यायची नाही आणि जेवणाचं ताट वीतभर सरकलं तरी रडून गाव गोळा करायची. लोक म्हणत, बाहेरची बाधा आहे. सोनाजी म्हणे, "आंधी सिंगल, मंग गाडी. पुढं काय व्हनार याचं तिले कोनी सिंगलच देत नाई."

म्हणून त्याने शाळेआधी महिनाभर अंगणातच शाळा उघडली. गुरुजी तो स्वतः, म्हणजे माझं सोंग घेऊन. हेडमास्तर त्याची बायको गंगा. थाळी बडवून घंटाही तीच द्यायची. पटावर कमळी आणि दोन बकऱ्या. बकऱ्या जास्त नियमित होत्या.

माझी नक्कल तो जीव तोडून करायचा. पण एप्रिलात तो वर्गाच्या खिडकीतून मला बघून गेला, त्या दिवशी नेमकं मला पडसं होतं.

जूनमध्ये खरी शाळा उघडली. आमच्या खऱ्या हेडमास्तरांनी बजावलं होतं, आठ दिवसांत पोरगी बसली नाही तर नाव काढीन. मी खाकरलो, हजेरी घेतली, आणि कमळीने टाहो फोडला. दारातून सोनाजी कुजबुजला, "गुरुजी, शिंका ना. हजेरीनंतर दोन डाव."

मी शिंकलो. कमळीने मुकाट्याने पाटी काढली. पुढे वर्षभर मी रोज दोन खोट्या शिंका दिल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला आल्याचा काढा सुचवला.

दिवाळीनंतर सोनाजी स्टेशनवर भेटला. "गुरुजी, कमळी हाक मारते आता मले."

मी हरखलो. "बाबा म्हणते?"

"नाई. गुरुजी म्हन्ते."

मला हसू आलं. "मग ती अंगणातली शाळा अजून कशाला चालवता? बंद करा आता. कळेल तिला तुम्ही कोण ते."

तो हसला नाही. रुळांकडे बघत म्हणाला, "गंगेले अजून कायीच म्हटलं नाई तिनं. गंगा रोज घंटा देते अन् तिच्या तोंडाकडे पाह्यत राह्यते, हेडमास्तर तरी म्हनावं म्हून. शाळा बंद कशी करू, गुरुजी?"