तोंड बाहेर, पाठ खांबाला

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतोय तोच खोलीतला फोन वाजला, आणि जावईबापूंना कळून चुकलं की आपली सुट्टी संपली.

"साहेब, गेटवरून वॉचमन बोलतोय. तुमचे पाहुणे आलेत. गाडी बाहेरच्या पार्किंगला लावायला तयार नाहीत. गेटातच उभे आहेत, आणि मागे बस आलीय."

"पाहुणे म्हणजे कोण कोण?"

"एक आजोबा आहेत, ते काचा वर करून गाडीत बसलेत. एक आजी बाहेर उभ्या राहून त्यांची समजूत घालतायत. अजून एक आजी होत्या, पण त्या आमच्या बॅटरीच्या गाडीत बसून निघूनसुद्धा गेल्या."

म्हणजे सासरेबुवा, सासूबाई आणि सासरेबुवांची धाकटी बहीण आत्याबाई. सगळी मंडळी वेळेच्या तासभर आधी हजर. बायको केस पुसत बाहेर आली आणि तिने जावईबापूंच्या हातातला कप काढून घेतला.

"जा तू. आणि लक्षात आहे ना, आज काय करायचंय ते?"

लक्षात नसायला काय झालं! आज सासरेबुवांकडून डोळे तपासून घ्यायला 'हो' म्हणवून घ्यायचं होतं. ते काही महिन्यांपासून अंदाजानेच गाडी चालवत होते. मागे एकदा तर रस्त्याकडेच्या लाल पत्रपेटीला त्यांनी गाडी थांबवून वाट दिली होती, आणि ती जात नाही म्हटल्यावर हॉर्नही वाजवला होता. तेव्हापासून सासूबाईंना झोप नव्हती. घरी विषय काढला की सासरेबुवा उठून चालू लागत. म्हणून बायकोने शक्कल लढवली, की त्यांना इथे रिसॉर्टवरच दिवसभरासाठी बोलवायचं. इथून उठून जाऊन जाऊन जातील कुठे?

आता घरात डोळे तपासणारा हक्काचा माणूस नव्हता असं नाही. जावईबापूंचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. पण घोडं नेमकं तिथेच अडत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले असताना त्यांनी सासरेबुवांची कोरी गाडी हौसेने चालवायला मागितली होती, आणि मागे घेताना फाटकाच्या खांबावर नेऊन आदळली होती. "दिसला नाही हो," एवढंच ते तेव्हा बोलले होते. बस्स! "जगाचे नंबर काढणाऱ्याला हत्तीएवढा खांब दिसला नाही," हे वाक्य त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात आणि दवाखान्यातल्या भेटीतही सांगून झालं होतं. अशा माणसाच्या दुकानाची पायरी सासरेबुवा चढणार कसे? नऊ वर्षांत त्यांनी आपल्या गाडीची किल्ली जावयाच्या हातात पडू दिली नव्हती. टेबलावर ठेवलेली किल्लीसुद्धा जावई शेजारी बसला की उचलून ते खिशात टाकत.

जावईबापू चपला अडकवून गेटाकडे पळाले. घाईत मोबाइल चार्जिंगलाच राहिला, आणि त्यानंतर जे काही रामायण झालं त्याची सुरुवात या एवढ्याशा गोष्टीत होती.

गेटात सासरेबुवांची गाडी आडवी उभी होती. मागच्या बसमधून एका कंपनीची मंडळी सहलीला आली होती आणि निम्मी खिडक्यांतून बाहेर लोंबत तमाशा बघत होती.

"बाबा, पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावायच्या असा इथला नियम आहे. तिथून आत यायला बॅटरीची गाडी असते."

सासरेबुवांनी काच बोटभर खाली केली. "जावईबापू, मी गाडी नजरेआड ठेवत नाही."

सासरेबुवांचा सगळा जन्म अग्निशमन दलात गेला होता. बंब कायम निघायच्या तयारीत हवा, तोंड रस्त्याकडे हवं आणि तो दारातून दिसत राहायला हवा, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. निवृत्तीनंतर बंब सुटला, पण शिस्त गाडीला चिकटली. थिएटरबाहेर मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी सासूबाईंना एकटीला सिनेमा बघायला पाठवलं होतं आणि आपण गाडी राखत बसले होते.

"साहेब, दर खोलीला एक गाडी आत चालते," वॉचमन घाम पुसत म्हणाला. "तुमची तुम्ही बाहेर काढा, यांची आत जाऊ दे. पण बसचं काहीतरी करा."

तोडगा इतका सोपा होता की जावईबापूंना हायसं वाटलं. ते परत खोलीपाशी धावले आणि आपली गाडी घेऊन निघाले. पण रिसॉर्टमधला रस्ता एकेरी होता. बाहेर पडायचं तर तलावाला वळसा घालून, घोड्यांच्या तबेल्यावरून, पोहण्याच्या तलावाला प्रदक्षिणा घालत जावं लागे. वाटेत समोरून चालत येणाऱ्या माणसांना हात करत बॅटरीची गाडी चालली होती. मागच्या बाकावर आत्याबाई उलट्या तोंडाने, मांडीवर पर्स घेऊन ऐसपैस बसल्या होत्या.

"जावईबापू, बसा की! फुकट आहे!"

"आत्या, उतरा आता! खोली मागे राहिली!"

"येईल पुन्हा. गोल फिरते ही," आत्याबाई म्हणाल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या.

बाहेर जायच्या फाटकावरच्या माणसाने आरशाला अडकवलेलं खोलीचं कार्ड मागितलं. जावईबापूंनी ते घाईत देऊन टाकलं, गाडी बाहेरच्या मैदानात उभी केली आणि धापा टाकत यायच्या गेटावर आले. बघतात तर सासरेबुवा नाहीत आणि बसही नाही.

"सोडलं आत त्यांना," वॉचमन म्हणाला. "बस किती वेळ थांबवणार? तुमचं कार्ड?"

"ते आत्ताच तिकडच्या माणसाने घेतलं."

"मग तुम्ही खोली सोडलीत."

"सोडली कुठे? गाडी सोडायला गेलो होतो! सकाळपासून तुमच्याशीच बोलतोय ना मी?"

"साहेब, बोलायला काय, बसमधले चाळीस जण बोलून गेले. कार्ड जमा म्हणजे खोली रिकामी. नियम आहे. थांबा, खोलीवर विचारतो." त्याने फोन लावला. "हॅलो... हो. तुमचे साहेब आहेत का हो खोलीत?... बरं, बरं." फोन ठेवून तो जावईबापूंकडे बघायला लागला. "आजी म्हणतात, ते इथे नाहीत, बाहेर गेलेत."

"अहो, बाहेर गेलेला तोच तर मी!"

"असं कोणीही म्हणेल."

"परत लावा फोन. माझ्या बायकोला द्यायला सांगा."

वॉचमनने तेही केलं. बायको आत्याबाईंना शोधायला निघून गेली होती. म्हणजे पाहुणे खोलीपाशी आरामात पोचले होते आणि ज्याच्या नावावर खोली, तो गेटाबाहेर कुंपणाला टेकून उन्हात उभा होता. आपल्याला ओळखणारा माणूस या गेटावर आता यायचा कोठून, याचा विचार ते करत होते, तेवढ्यात बॅटरीची गाडी फेरी पुरी करून गेटाशी आली.

"आत्या!" जावईबापूंनी इतक्या प्रेमाने त्यांना आजवर कधी हाक मारली नव्हती. "यांना सांगा मी कोण ते!"

आत्याबाईंनी वॉचमनला न्याहाळलं. "अहो, सोडा त्यांना. आमच्या दादाचे जावई आहेत. खांबवाले."

"खांबवाले?" वॉचमनचा चेहरा उजळला. "ते होय! आजोबा मघाशी बसच्या ड्रायव्हरला सांगत होते. बसा, साहेब, बसा."

आत्याबाईंशेजारी उलट्या तोंडाने बसून जावईबापू आत आले. कानशिलं तापली होती. गेटावरच्या परक्या माणसापर्यंत तो खांब पोचला होता. आता या सासऱ्याकडे डोळ्यांचा विषय काढायचा म्हणजे आपण होऊन गालफड पुढे करण्यासारखं होतं. मरू दे, बायकोला सांगू की जमलं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

खोलीमागे पोचले तर तिथे वेगळाच गोंधळ. सासरेबुवा गाडीत होते, गाडी आडवी होती आणि माळी हात जोडून पुढे उभा होता.

"आजोबा, तोंड झाडांकडे करून लावा. उलटी लावली की धुराने माझी झाडं करपतात. ही बघा, एवढी मोठी पाटी आहे."

"पाट्या मला दाखवू नका. निघायची वेळ आली की पाटी उपयोगाला येत नाही. तोंड बाहेर!"

जावईबापूंनी पाटीकडे पाहिलं. दुकानात समोरच्या भिंतीवर पहिल्या ओळीत असतं, तेवढं मोठं अक्षर होतं. मग त्यांनी सासरेबुवांकडे पाहिलं. ते पाटीच्या दिशेने बघतच नव्हते, तिच्या शेजारच्या झुडपाकडे रागाने बघत होते. हट्ट नव्हता हा. म्हाताऱ्याला पाटी दिसत नव्हती, आणि हाच माणूस संध्याकाळी सासूबाईंना शेजारी बसवून घरी गाडी घेऊन जाणार होता.

मघाचा राग कुठल्या कुठे गेला. ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"बाबा, मी सांगतो तसं घ्या. मागे झुडपात दिव्याचा खांब आहे. हिरवा आहे."

गाडीतून हसण्याचा आवाज आला. "खांबाबद्दल तुम्ही मला सांगताय? अहो, पेटलेल्या गल्लीत मी बंब उलटा घातलाय!"

"येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे... बाबा, थांबा! थांबा!"

धाड्.

झुडपातून दोन पक्षी उडाले. माळ्याने डोळे मिटले. गाडीची मागची बाजू खांबाला अशी टेकली होती, जशी जुनी ओळख असावी. इंजिन बंद झालं. सासरेबुवा उतरले, सावकाश मागे आले आणि वाकून खांबाला हात लावून बघितलं. हात लावल्यावरच तो त्यांना नीट दिसला असावा.

खोलीचं दार उघडून सासूबाई धावत आल्या. बायकोही तिकडून पळत आली.

"काय झालं? कसला आवाज?"

नऊ वर्षांची वाक्यं जावईबापूंच्या जिभेवर रांग लावून उभी होती. एकापेक्षा एक सरस होती, दुकानात रिकाम्या वेळी घासून पुसून ठेवलेली. त्यांनी सासरेबुवांकडे पाहिलं. तो आडदांड माणूस खांबावर हात ठेवून, चुकलेल्या मुलासारखा उभा होता.

"माझं चुकलं," जावईबापू म्हणाले. "मी मागे उभा होतो. वेळेवर सांगितलं नाही."

"कमाल आहे तुझी!" बायको म्हणाली. "पुन्हा खांब?"

माळ्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि जावईबापूंच्या नजरेने ते मिटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"नाही," सासरेबुवा एकदम म्हणाले. "त्यांनी सांगितलं होतं. मोठ्याने सांगितलं होतं." मग आवाज खाली आणून, खांबाकडेच बघत ते म्हणाले, "मला दिसला नाही."

हे तीन शब्द ऐकून जावईबापूंना वाटलं होतं तितका आनंद झाला नाही.

"हिरव्यात हिरवा खांब, बाबा. कोणालाही दिसला नसता."

"उगाच गोड बोलू नका. तुम्हाला दिसला ना?" सासरेबुवा ओट्यावर बसले. "मला माहीत आहे तुम्ही सगळ्यांनी मला इथे का बोलावलंय. तुम्ही डोळ्यात बघणार, मान हलवणार आणि गाडी काढून घेणार."

असं होतं तर! खांब ही नुसती सबब होती. ज्याने आयुष्यभर बंब हाकला, त्याला किल्ली सोडायची भीती वाटत होती, आणि ती भीती तो इतके महिने जावयाच्या खांबाआड लपवत होता.

"मी गाड्या काढून घेत नाही, बाबा. चष्मे देतो," जावईबापू त्यांच्या शेजारी बसत म्हणाले. "तुमचा नंबर वाढला असेल, नाहीतर मोतीबिंदू असेल. मोतीबिंदू निघाला तर डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. दिसायला लागलं की चालवा खुशाल. मी स्वतः मागे उभा राहून 'येऊ द्या' म्हणेन."

सासरेबुवांनी खिशात हात घालून किल्ली काढली आणि जावईबापूंच्या तळहातावर ठेवली.

"दुकान कितीला उघडतं?"

"तुम्ही याल तेव्हा."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला तो सगळ्यांना ऐकू येईल अशा उसाशासकट. बायकोने आत जाऊन डोळे पुसले आणि चहा मागवला. जावईबापूंनी गाडी खांबापासून सोडवली, माळ्याची क्षमा मागितली आणि तोंड झाडांकडे करून लावली. सासरेबुवांनी ते पाहिलं, चुळबुळ केली, पण चक्क काही बोलले नाहीत. पुढे दिवस मजेत गेला. आत्याबाई जेवायला तेवढ्या उतरल्या.

संध्याकाळी मंडळी परत निघाली. सासरेबुवांची गाडी जावईबापू चालवत होते आणि त्यांना रिसॉर्टवर परत आणायला बायको बाहेरच्या मैदानातून आपली गाडी घेऊन मागे येणार होती. फाटकाशी वॉचमन नवा होता, संध्याकाळच्या पाळीचा. त्याने दांडी खाली ठेवूनच आत डोकावलं.

"कार्ड दाखवा, साहेब. तुम्ही कोण?"

जावईबापूंनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर आत्याबाईंनी ओळख करून द्यायला हौसेने मान पुढे काढली. पण त्यांच्याआधी सासरेबुवांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

"हे आमचे जावई. यांचं चष्म्याचं दुकान आहे," ते म्हणाले. "खांबवाला मी."

वॉचमनला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने दांडी वर केली.