ब्रूअर मोघे

जुन्या इंदूरात आमच्या शेजारी राहणाऱ्या मोघे भाऊजींना नुसतं "कसे आहात?" विचारलंत, तरी उत्तरात एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मिळतो. वाक्यात उपयोगासकट.

"ब्रूअर म्हणजे बीअर तयार करणारा. विकणारा नव्हे, पिणारा तर नव्हेच. वाक्यात उपयोग: ब्रूअर पहाटे साडेपाचला कामावर गेला."

तीस वर्षं त्यांनी कारखान्यात हेच काम केलं. पोहेवाल्यालाही सोडत नाहीत. "भिया, जौ भिगोना, उबालना, बिगड़ने नहीं देना. ये काम करे, वो ब्रूअर." तो बिचारा मान डोलावतो आणि शेव जास्त घालतो. एकदा आरतीनंतर हातात प्रसाद घेऊन सुरू झाले, तेव्हा मीच म्हटलं, "अहो भाऊजी, देवाला तरी सोडा!"

"देवाला ठाऊक आहे, वहिनी. माणसांना नाही."

फक्त एका घरात हा शब्द काढायची सोय नाही. लेकीच्या सासरी, पुण्याला. मंडळी कडक सोवळ्याची. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून भाऊजींच्या बायकोनं, आमच्या सुधावहिनींनी, पत्रिकेसोबत लिहून दिलं, 'वडील खाद्यपदार्थांच्या कारखान्यात.' विहीणबाईंनी परस्पर बिस्किटं ठरवून टाकली. झालं! तेव्हापासून दर दिवाळीला भाऊजी सियागंजच्या बाजारातून खोकंभर बिस्किटं विकत आणतात आणि 'कंपनीची' म्हणून पुण्याला पाठवतात. नोकरी संपली, सुधावहिनी गेल्या, बिस्किटं चालूच.

परवा मी वरणाची वाटी द्यायला गेले, तर नातीचा फोन चालू होता. "आजोबा, उद्या मला वर्गात तुमच्याबद्दल बोलायचंय. तुम्ही नेमकं काय काम करायचात?"

भाऊजी खुर्चीत ताठ बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारलं होतं! त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला, "बाबा..." एवढंच.

"बिस्किटं करायचो गं, राणी," ते म्हणाले.

फोन बंद झाल्यावर माझा नुसता संताप झाला. "सांगायचं होतंत की! चोरी केलीत का कुणाची?"

"लेक सुखात आहे ना, वहिनी." त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला. मला भडभडून आलं. म्हटलं, "चला, आज आमच्याकडेच जेवा. पाहुणे यायचेत, गप्पा होतील."

"आज नको," भाऊजी म्हणाले. "आज कुणी विचारलं, तर तोंडातून बिस्किटंच निघतील."