काळूराम नाखव्याची महाधमनी

काशीदच्या काळूराम नाखव्याच्या पोटात एक रक्तवाहिनी फुगली होती आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ती फुगी मोजणारे अत्याधुनिक स्कॅन यंत्र आले होते. म्हणजे रोगही होता आणि सोयही होती. पुढे जे घडले त्यात शासनाचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

गावात भरलेल्या आरोग्य शिबिरात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, की हृदयातून निघणारी महाधमनी पोटात फुगली आहे. फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंतही पोचत नाही. धोका किती, ते स्कॅनवर कळेल. तोवर जाळे ओढायचे नाही. नारळी पुनव तोंडावर आली होती. होडीला नवा रंग लागला होता आणि नाखवा पोटावर हात ठेवून घरात बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भीती वाटत होती.

यंत्र मात्र बंद होते. त्याचे उद्घाटन व्हायचे होते, आणि उद्घाटन न झालेले यंत्र नियमाप्रमाणे अस्तित्वात नसते. अखेर प्रमुख पाहुण्यांना सवड सापडली. कोळीवाड्याचा मान राखायचा म्हणून यंत्राला नव्या होडीसारखे सजवले, झेंडूच्या माळा घातल्या. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ वाढवतात. यंत्राची नाळ कोणती यावर बराच खल झाला आणि रुग्णाला आत सरकवणाऱ्या फळीवर नारळ फुटला. पाणी आत झिरपले. ते काढायला माणूस येईपर्यंत पुनव उलटली. सगळ्यांच्या होड्या दर्यात गेल्या, नाखव्याची तेवढी वाळूत राहिली.

पुढे काळूरामचे स्कॅन झाले. लालभडक, सर्व बाजूंनी फिरणारे चित्र पडद्यावर उमटले. अधीक्षक साहेब भारावून गेले. असे चित्र मुंबईतही निघत नाही, म्हणाले.

"मना यवरंच सांगा," काळूराम म्हणाला, "मी दर्यान जाव का नको?"

साहेबांनी शांतपणे समजावले. चित्र काढणे रुग्णालयाकडे होते. ते वाचणाऱ्या तज्ज्ञाचे पद रिक्त होते. पद भरण्याचा प्रस्ताव यंत्र सुरू झाल्याशिवाय पाठवता येत नव्हता, तो आता जाईल. तोवर चित्र दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे म्हटले, तर न वाचलेले चित्र रुग्णाच्या हाती देण्यास मनाई होती. प्रसिद्धीसाठी देण्यास मात्र कसलीच मनाई नव्हती.

आठवड्याच्या आत नाक्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. मधोमध महाधमनी, भोवती मान्यवरांचे हात जोडलेले फोटो, खाली तालुक्याचे हार्दिक अभिनंदन. काळूरामच्या तोंडाला जागा उरली नव्हती. चंद्राबाईने नवऱ्याच्या पोटातला तो फुगवटा डोळे भरून पाहिला.

"होरीची फली यवरी फुगली असती," ती म्हणाली, "तं सुताराला जेवता उठवला असता."

मग दोघांनी ठरवले, की फ्लेक्सखालीच उभे राहायचे. इतकी शिकलेली माणसे इथून जातात, त्यात एखादा डॉक्टर निघेलच.

शनिवार-रविवारी बीचवर निघालेल्या गाड्या तिथे हटकून थांबतात, कारण चित्र खरोखर देखणे आहे. परवा तुम्हीही थांबलात. फ्लेक्सकडे पाठ करून फोन वर धरलात, तेव्हा पोटावर हात ठेवलेला एक म्हातारा तुम्हाला विचारत होता, "सायेब, तुमाना यो फोटू वाचता येतं का?"

तुम्ही अगदी आदराने म्हणालात, "काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."